खंडेनवमीचं डिझेल

१

त्रेसष्ट सालच्या दसऱ्याला सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान मी तीन माणसांना चोर ठरवलं. चौथं नाव घ्यायची पाळी आली तेव्हा ते माझंच निघालं. मी तापट आहे हे अख्ख्या कलासिपाळ्याला ठाऊक आहे, त्यामुळं लपवत नाही. घडलं तसं सांगतो.

माझं नाव भीमसेन. कलासिपाळ्याच्या बस स्टँडामागच्या गल्लीत माझं गॅरेज. आमचं घराणं तीनशे वर्षं बेंगळुरात आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि राग आला की दोन्ही. त्या वर्षी माझ्याकडं देवनहळ्ळीच्या डॉक्टर पद्मावतीबाईंची जीप आली होती. दुसरी मोठी लढाई संपल्यावर मिलिटरीनं लिलावात काढलेली, चारी चाकं ओढणारी. देवनहळ्ळीत बाईंचं बाळंतपणाचं छोटं इस्पितळ. आसपासच्या वीसेक खेड्यांतल्या अडलेल्या बायकांना आणायचं ते याच जीपनं. पण तिचं पेट्रोल एंजिन म्हातारं झालं होतं. पेट्रोल प्यायचं भरमसाट आणि चढावर दम टाकायचं. मी आणि माझा मिस्त्री शिवाप्पा, आम्ही तीन आठवडे खपून ते काढलं आणि मोडीत निघालेल्या एका टॅक्सीचं डिझेल एंजिन तिथं बसवलं.

बोलायला सोपं आहे हो! डिझेल एंजिन जड. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्या बदला, एंजिनाच्या बैठका नव्या करा, जुना गिअरबॉक्स त्याला जुळावा म्हणून मध्ये जाड पोलादी तबकडी कातून घ्या. पण मी असं काम केलं होतं की समोर बसणाऱ्याला फरक कळू नये. चावी जुन्या जागी, स्टार्टरचं बटण जुन्या जागी. मला त्याची फार घमेंड होती.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा. पाने, हातोडे, जॅक, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं, आणि मग दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. जीपलाही झेंडूचा हार घातला, टाकीच्या झाकणावर ओल्या कुंकवाचा टिळा लावला, चारी चाकांच्या पुढं टायरला टेकून लिंबं ठेवली. पूजेनंतर गाडी पहिल्यांदा हलते ती लिंबं चिरडून, तोवर तिनं हलायचं नाही. दुपारी बारा वाजता दार लावून मी घरी जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. अकरा वाजता डॉक्टरीणबाई जीप न्यायला येणार, म्हटलं एकदा चालवून बघू. बटण दाबलं. काही नाही. बॉनेट उघडून बघतो तर बॅटरीची एक वायर सुटलेली. ती जोडली, बटण दाबलं. एंजिन घरघरलं पण पेटेना. टाकीत काठी घालून बघितली.

काठी कोरडी ठणठणीत बाहेर आली.

२

"डिझेल चोरलं! माझ्या गॅरेजात, खंडेनवमीच्या दिवशी!" मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली.

शिवाप्पा नुकताच आला होता. तो बेळगावकडचा, चाळिशीचा, शांत माणूस. पुढच्या दाराची दुसरी चावी त्याच्याकडं. साहजिकच मी पहिली तोफ त्याच्यावर डागली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भीमण्णा, मी काल दिवसभर घरी होतो. चावी पाहिजे तर घ्या." चावी त्यानं पाटाशेजारी ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात माझी थोरली बहीण क्षमाअक्का आली. ती बसवनगुडीच्या मुलींच्या शाळेत सायन्स शिकवते. दसऱ्याची पूजा उतरवायला दर वर्षी तीच येते. वर्गात गोंधळ घालणाऱ्या पोरींकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं बघितलं.

"भीमा, स्वल्प गप्प बस. टाकीचं झाकण तू उघडलंस तेव्हा टिळा कसा होता?"

"कसा म्हणजे? झाकणावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून होता. वाळलेला. मी झाकण उघडलं तेव्हा मोडला."

"म्हणजे तुझ्याआधी ते झाकण कुणी उघडलंच नाही."

"मग खालून नळी सोडून काढलं असेल!"

ती वाकली, जमिनीवरून बोट फिरवलं, वास घेतला. एक थेंब सांडलेला नव्हता. मग चाकं बघितली. चारी लिंबं टायरला टेकून जशीच्या तशी, एकालाही चरा नाही.

"गाडी हलली नाही. झाकण उघडलं नाही. खाली सांडलं नाही. तरी टाकी रिकामी." अक्काला मजा वाटायला लागली होती, ते बघून माझं डोकं अजूनच फिरलं. "भीमा, किती होतं डिझेल?"

"ट्रायल घेतल्यावर उरलं होतं जेमतेम अर्धा गॅलन."

"अर्ध्या गॅलनसाठी सणाच्या दिवशी चोरी! आणि बॅटरीची वायर सोडून बॅटरी इथंच टाकून जाणारा चोर!"

ती बॅटरीवर वाकली. मग हळूच म्हणाली, "इकडं ये. हे कुंकू नव्हे."

वायरीच्या पकडीवर रक्ताचा डाग होता.

३

पाटावर पाने ओळीनं मांडलेले होते. हळदकुंकू, अक्षता, फुलं, काही विसकटलेलं नव्हतं.

"वीतभर अंतरावर पाने आहेत," अक्का म्हणाली. "तरी या माणसानं नट बोटांनी पिळून काढला, कातडं सोलेपर्यंत. का?"

मी पाटाकडं बघितलं.

"कारण त्याला पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नव्हता. असला चोर मी तरी ऐकला नाही."

इतक्यात रघुजी डोकावला. शेजारी त्याचं पेट्रोल गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. जीपला डिझेल बसवतोय म्हटल्यापासून तो माझी थट्टा करत होता. माझ्या डोक्यात लखकन पेटलं. मागच्या गल्लीच्या दाराची आतली कडी जाळीतून हात घालून निघते, हे त्याला पक्कं ठाऊक! "रघुजी, माझं काम फसावं म्हणून तूच केलंस हे!"

"अरे जा रे!" रघुजी भडकला. "मला एंजिन विकता येतं, चालवता येत नाही. मी तर तुझं ते जुनं धूड न्यायला आलोय. उद्या भंगाराची गाडी येणार आहे ना? आणि उलट माझीच तक्रार आहे. काल सणासुदीचं दुपारी दोन घटका आडवा झालो, तर कुणीतरी विहिरीवरचा पंप लावावा तसा आवाज! दीड वाजता सुरू झाला तो दिवेलागणीपर्यंत. डोकं उठलं माझं."

"गल्लीत विहीर आहे कुठं?" अक्कानं विचारलं.

रघुजी गल्लीकडं वळून बघायला लागला.

अक्का जीपच्या पुढं गेली. रेडिएटरवरचा झेंडूचा हार तपकिरी पडला होता, पाकळ्या चुरगळून हातात येत होत्या. कातकामाच्या यंत्रावरचा हार बघितला तर टवटवीत. दोन्ही एकाच टोपलीतले, मीच आणलेले. मग ती मागं गेली. धुराच्या नळीसमोरची रांगोळी हातभर उडून गेली होती आणि भिंतीवर काळा ठसा उमटला होता.

"डिझेल कुणी नेलं नाही, भीमा. ते इथंच जळालं. गाडी जागची न हलता पाच तास चालू होती."

"पाच तास? कोण येडा गाडी चालू करून पाच तास..."

दारात डॉक्टर पद्मावतीबाई उभ्या होत्या. एरवी हसऱ्या, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. त्यांच्या हातात ड्रायव्हरची खाकी टोपी होती.

"भीमसेन, देवाप्पा गेला," त्या म्हणाल्या. "पहाटे माझ्या टेबलावर ही टोपी ठेवून गेला. चिठ्ठी आहे. 'बाई, मी तुमचं नुकसान केलं. तोंड दाखवायला जागा नाही. गावी जातो.' चौदा वर्षं आहे तो माझ्याकडं. काय केलंय त्यानं?"

४

देवाप्पाला आम्ही सगळे ओळखत होतो. निपाणीकडचा, साठीला आलेला. जीप घेतली त्या दिवसापासून तोच चालवायचा, दुसऱ्या गाडीला हात लावला नव्हता. मागच्या दाराच्या कडीची खोड त्यालाही माहीत होती. जीप दुरुस्तीला आली की तो माझ्याकडंच मुक्काम करायचा.

आणि मी काय म्हणालो? लाज वाटते, पण सांगतो. "बघा! कबूलच केलंय! म्हातारपणी नोकरी जाईल म्हणून नवं एंजिन मुद्दाम बिघडवलं त्यानं. पोलिसात द्या."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. "तू म्हणतोस तसं असेल तर इस्पितळाच्या कमिटीला कळवावं लागेल मला. भीमसेन, विचार करून बोल. चौदा वर्षांचं नाव आहे रे त्याचं."

"तो विचार मी करते," अक्का म्हणाली. ती मागच्या कोपऱ्यात गेली होती. तिथं जीपचं काढलेलं जुनं पेट्रोल एंजिन फरशीवर पडलं होतं, तेलकट, गोणपाटानं अर्धवट झाकलेलं. "भीमा, काल सगळ्यांची पूजा केलीस. याची केलीस?"

"त्याची कशाला? ते उद्या भंगारात जाणार."

"मग हे कुणी केलं?"

तिनं गोणपाट बाजूला केलं. एंजिनाच्या माथ्यावर मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, फुलांचा गजरा होता, कुंकवाचं बोट होतं, आणि शेजारी जळून गेलेल्या दोन उदबत्त्यांची राख.

शिवाप्पा पायरीवरून उठून आत आला होता.

"टाकून दिलेल्या एंजिनाला जो हार घालतो," अक्का म्हणाली, "तो एंजिन बिघडवायला येत नाही. देवाप्पा दर खंडेनवमीला जीपची पूजा करत असणार. होय ना, बाई?"

"एक वर्ष चुकवलं नाही," बाई म्हणाल्या. "काल दुपारी सुट्टी मागून गेला, कुठं ते मी विचारलं नाही."

"इथं आला. जुन्याची पूजा केली. मग नवं चालू करून बघितलं. आता भीमा, तू सांग. पेट्रोलची गाडी बंद कशी करतात?"

"चावी फिरवून. ठिणगी थांबते, एंजिन थांबतं."

"आणि डिझेलची?"

डिझेलला ठिणगी लागतच नाही. चावी फिरवा नाहीतर काढून खिशात घाला, ते आपलं चालूच राहतं. त्याचं डिझेल तोडावं लागतं, आणि त्यासाठी एक वेगळी मूठ असते, ती बाहेर ओढायची. ती मूठ मी बसवली होती. पण समोर नाही. समोर फरक दिसू नये म्हणून खाली, पत्र्याच्या आड, गुडघ्यापाशी. मी वाकून बघितली. आत दाबलेलीच होती, तिला कुणी शिवलंच नव्हतं.

"शिवाप्पा असता तर त्यानं मूठ ओढली असती," अक्का म्हणाली. "रघुजीला चालू करताच आलं नसतं. हा माणूस पेट्रोलचा. चावी फिरवली, थांबेना. म्हणून पेट्रोलवाल्याला जे सुचेल ते केलं, बॅटरीची वायर उपटली. तरी थांबेना."

"पण अक्का," शिवाप्पा म्हणाला, "ड्रायव्हर आहे तो. गिअरात टाकून ब्रेक दाबला असता तर बंद पडलं असतं."

"पडलं असतं की. पण एक हिसका बसून गाडी वीतभर पुढं गेली असती. लिंबं चिरडली असती."

मी तिचं राहिलेलं बोललो, कारण आता मला सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं. "डिझेलची नळी सोडली असती तरी थांबलं असतं. पण पाना पाहिजे. पाना पूजेत."

पाच तास. तो म्हातारा पाच तास त्या धुरात एंजिनाशेजारी बसला असणार. शेवटी डिझेल संपून ते आपोआप थांबलं, आणि वायर टेकवून बटण दाबलं तरी ते पुन्हा पेटेना, तेव्हा आपण बाईंची जीप कायमची मोडली असं समजून उठला असणार.

"खरंच मोडलंय का?" बाईंनी विचारलं.

"कुठलं मोडलंय, बाई!" मी ओरडलो. "डिझेल संपलं की नळीत हवा शिरते. नुसतं डिझेल ओतून चालत नाही, हवा काढावी लागते. पाव तासाचं काम. काहीसुद्धा मोडलेलं नाही." मग मी म्हणालो, "मोडलंय ते माझं डोकं. ती मूठ मी लपवली."

बाईंनी घड्याळ बघितलं. "निपाणीला जायची हुबळीकडची गाडी दुपारी आहे. पोचलं पाहिजे."

५

अक्कानं तिथल्या तिथं नारळ फोडून पूजा उतरवली आणि पाटावरचा पहिला पाना उचलून शिवाप्पाच्या हातात दिला. मी पाटाशेजारची त्याची चावी उचलली आणि म्हणालो, "शिवाप्पा, सकाळी जे बोललो ते..." तो म्हणाला, "सरी, भीमण्णा, झालं ते झालं. तुम्ही रेल्वे स्टेशनवर जा, हवा मी काढतो." असा माणूस माझ्याकडं टिकला हे माझं नशीब. रघुजीला मी नुसता हात जोडला. तो म्हणाला, "पळ आता!"

सिटी स्टेशनवर आम्ही ऑटोतून उतरलो तेव्हा देवाप्पा तिसऱ्या वर्गाच्या डब्यासमोर पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली. बाईंना बघून तो उभा राहिला आणि खाली मान घालून रडायला लागला.

"बाई, मला काय माहीत ते थांबणार नाही! जुन्याला गजरा घातला, म्हटलं नव्याशी पण स्वल्प ओळख करून घ्यावी. उद्यापासून त्याच्याच भरवशावर बायका आणायच्या. आवाज ऐकून ठेवावा, काही दुखलं खुपलं तर कळायला पाहिजे. आणि ते थांबेचना. मी मारलं त्याला, बाई."

"देवाप्पा," मी म्हणालो, "ते जिवंत आहे. थांबवायची मूठ मी लपवून ठेवली होती. चूक माझी. आणि मी तुला चोर म्हणालो, तीही माझीच."

"मी काल हाक मारायला पाहिजे होती तुम्हाला."

"का नाही मारलीस?"

"सणाच्या जेवणावरून कसं उठवायचं, भीमण्णा?"

बाईंनी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, थोडी वाकडी बसली ती त्यानं सरळ केली. मी ट्रंक उचलली.

आम्ही गल्लीत शिरलो तर रघुजीचा पंप सुरू होता. म्हणजे जीप हो, शिवाप्पानं चालू करून ठेवली होती. देवाप्पा दारातच थबकला. मी त्याला सीटवर बसवलं आणि त्याचा हात धरून गुडघ्यापाशी खाली नेला. "ही मूठ. ओढ."

त्यानं डोळे मिटून ओढली. एंजिन दोनदा गचकलं आणि थांबलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला तोंड फिरवावं लागलं. लगेच त्यानं मूठ आत दाबली, पुन्हा चालू केलं, पुन्हा थांबवलं. तीन वेळा! मग बाई शेजारी बसल्या, त्यानं गिअर टाकला, आणि चारी लिंबं चिरडत जीप उन्हात गेली.

ती मूठ मी दुसऱ्याच आठवड्यात देवनहळ्ळीला जाऊन वर काढली, तांबडा रंग लावून, ऐन समोर.

राहता राहिलं जुनं एंजिन. जीप गेल्यावर मी कोपऱ्यात जाऊन त्याच्यासमोर बसलो, आणि तेव्हा मला ते आठवलं. अठ्ठावन्न साली माझी बायको अहल्या बाळंतपणाला देवनहळ्ळीला माहेरी होती. बाळ आडवं होतं. बाई म्हणाल्या, इथं जमणार नाही, बेंगळुराला न्या. बावीस मैलांचा खड्ड्यांचा रस्ता देवाप्पानं याच एंजिनावर काटला. डॉक्टर म्हणाले होते, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींतली एकही हाती लागली नसती. आणि मी काल झाडूसुद्धा पूजला होता, कचऱ्याचा डबासुद्धा, आणि याच्यावर गोणपाट टाकलं होतं.

रघुजी हमाल घेऊन आला. मी म्हणालो, "हे द्यायचं नाही."

"अरे, चालत नाही ते!"

"नसू दे."

संध्याकाळी मी माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, तुंगाला घेऊन आलो. तिनं झेंडूची ओंजळ त्या तेलकट लोखंडावर ओतली आणि विचारलं, "आप्पा, हे कुठं जातं?"

"आता कुठं जात नाही," मी म्हणालो. "एकदा गेलं होतं. तुला घेऊन आलं."